घरच्या रश्श्यासाठी कोंबडीची कोणती पिल्लं न्यावीत?

आमच्या पिल्लांच्या दुकानात पाऊल ठेवताच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "गावरानची पिल्लं आहेत का?" खरं सांगायचं तर गावरान ही एक जात नव्हे. उकिरडा उकरत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली, कुठल्याही रंगाची, स्वतः खुडूक बसून पिल्लं काढणारी ती गावरान. पिंजऱ्यात त्या नावाने दिसणारे तांबडे-काळे कोंबडे बहुधा संकरित असतात. ते वाईट नसतात, पण आपण काय नेतोय ते नेणाऱ्याला ठाऊक असावं.

म्हणून आम्ही उलट विचारतो : कापायचा कधी?

पंचांग आधी, जात नंतर

आपल्याकडे घरच्या कोंबड्याला खरी मागणी दोनदा, गावच्या जत्रेला आणि आखाडात. पुढे श्रावण लागला की महिनाभर खुराड्यातले कोंबडे नुसतेच खात बसतात आणि खाद्याचा खर्च तुमच्या माथी. आखाडाचा हिशोब आम्ही सणांवर बसवलाय. पिल्लं न्यायची ती अशी : संक्रांतीला कडकनाथ, होळीला वनराज किंवा गिरिराज, वटपौर्णिमेला ब्रॉयलर. वटपौर्णिमेपासून गटारीपर्यंत दीड महिना होतो, तेवढ्यात ब्रॉयलर तयार. होळीपासून आखाड लागेपर्यंत साडेतीन महिने, ते वनराज-गिरिराजसारख्या रंगीत संकरित कोंबड्याला नेमके पुरतात. होळी आणि आखाडाच्या मध्ये अधिक मास येत असेल त्या वर्षी होळीची पिल्लं महिनाभर उशिरा न्या.

ब्रॉयलर

पांढरा, गुबगुबीत, चिकनच्या दुकानात मिळतो तोच. ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो आणि तेवढ्यासाठी साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. इतक्या कमी खाद्यात इतकं मांस दुसरी कुठलीही कोंबडी देत नाही. पण तो खाऊन बसून राहणारा प्राणी आहे. परसात सोडून किडे-मुंग्या खाऊन वाढेल ही आशा सोडा. शिवाय त्याचा दिवस ठरला की ठरला. आमच्याच घरी एकदा एप्रिलमध्ये पाहुण्यांचा बेत पुढे गेला म्हणून बारा ब्रॉयलर पन्नास दिवसांच्या पुढे ठेवले. पाय वाकायला लागले होतेच, त्यात एका दुपारी पारा चाळीसला टेकला आणि संध्याकाळपर्यंत सात गेले. अंगापेक्षा हृदय आणि पाय मागे पडतात, उन्हात धाप लागते आणि संपतं. फ्रीजमध्ये जागा असेल आणि सगळे एकाच आठवड्यात कापणार असाल तरच ब्रॉयलर न्या.

वनराज, गिरिराज

पहिल्यांदाच पाळणाऱ्याला आम्ही हेच देतो. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा. दोन्ही रंगीत, काटक, मोकळं फिरणारे. नर साडेतीन महिन्यांत दीड ते दोन किलो होतो. खाद्य प्रत्येक किलो वजनामागे तीन किलोच्या आसपास जातं. घरातलं उरलंसुरलं, भाजीचा पाला, गवत यावर थोडी बचत होते, पण "फुकटात वाढतात" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक मोठा फायदा म्हणजे दिवस चुकला तरी हे मरत नाहीत. आज दोन कापा, पुढच्या रविवारी तीन. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) ठेवल्या तर पाच-सहा महिन्यांच्या झाल्यावर अंडीही देतात.

मात्र त्यांच्या अंड्यांतून पुन्हा तसेच कोंबडे निघतील असं नाही. संकर असल्याने पुढची पिढी वजनाला कमी-जास्त होते. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं काढायचीच असतील तर अंडी शेजारच्या गावरान कोंबडीखाली घाला, एकवीस दिवसांत निघतील.

कडकनाथ

मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काळा कोंबडा, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं, हाडंही काळपट. चवीला उत्तम, यात वाद नाही. पण पाच-सहा महिने सांभाळूनही नर दीड किलोच्या आसपासच भरतो, म्हणजे आठ माणसांच्या पंगतीला दोन लागतील. हौस असेल तर पाच-दहा न्या. "कडकनाथात पैसा आहे" असं ऐकून शंभर न्यायला आलात तर आम्ही आधी चहा पाजून बसवू.

असिल ही झुंजीची जात मागणारेही येतात. नर एकमेकांना फाडतात, घरच्या खुराड्यात तो ताप नको. आणि रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ती बहुतेक अंड्याच्या जातीतले नर असतात. कितीही खाऊ घाला, अंगाला मांस लागत नाही. मुलांच्या हट्टापायी घेतलीत तर मुलांचीच म्हणून सांभाळा.

पहिले पंधरा दिवस

जात कुठलीही असो, पिल्लं मरतात ती याच दिवसांत. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र. पंचवीस पिल्लांना शंभर वॉटचा एक बल्ब. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांच्या जवळपास ऊब हवी, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात : बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर उकडतंय. होळीला नेलेल्या पिल्लांना दुपारी बल्ब लागतच नाही, पहाटे मात्र लागतो. घरी पोचल्यावर आधी गूळपाणी, खाद्य तासाभराने.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. तिचं नाव लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. लस बर्फातूनच न्यायची. औषध दिलं असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नका.

जागा ब्रॉयलरला दरडोई एक चौरस फूट, रंगीत कोंबड्यांना दोन. मुळशी-वेल्ह्याकडच्यांनी पावसाळ्यात खुराडं जमिनीपासून उचलून बांधावं, ओल्या तुसात रोग पसरतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचं सावट आहे, तिथे बांबूचं डालगं पुरणार नाही, पक्की जाळी आणि कडी लावा. मुंगूस तर सगळीकडेच. सोसायटीत राहणाऱ्यांनी आधी शेजाऱ्यांशी बोलावं, कोंबडा पहाटे कुणाची परवानगी घेत नाही.

शिजवताना

ब्रॉयलर पंधरा-वीस मिनिटांत शिजतो. साडेतीन महिन्यांच्या रंगीत कोंबड्याला कुकरच्या चार शिट्ट्या, सहा महिने उलटलेल्याला त्याहून जास्त. रश्श्याला मोठा कोंबडा चांगला, सुक्क्याला कोवळा. कापण्याआधी आठ-दहा तास खाद्य बंद, पाणी चालू. कातडी काढून दोन किलोच्या कोंबड्याचं मांस सव्वा ते दीड किलो पडतं, पंगतीचा हिशोब त्यावर करा.

पिल्लं आठवडाभर आधी सांगून ठेवावी लागतात. आमच्याकडे संपली असतील तर खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, आम्हाला राग नाही. नेताना चारी बाजूंनी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, दिवे घाट उतरेपर्यंत पिल्लं गुदमरतात.