काआला (ओआहू, हवाई)

काआला हा हवाईतल्या ओआहू बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, उंची साधारण १,२२० मीटर. होनोलुलू याच बेटावर आहे, पण टूरिस्ट बहुतेक वाइकीकी बीच आणि डायमंड हेड बघूनच परत जातात. बेटाच्या पश्चिमेला वाईआनाए डोंगररांग आहे त्यातलं हे शिखर, आणि ही अख्खी रांग म्हणजे ३०-४० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा झिजून उरलेला भाग. माथा सुळक्यासारखा नाही, चांगला सपाट आहे, त्यामुळे पावसाचं पाणी पटकन उतरून जात नाही, त्यात ढग जवळपास कायम टेकलेले, म्हणून वर चक्क दलदल आहे. खाली वाईआनाएचा किनारा एकदम कोरडा आणि वर पाय ठेवाल तिथे चिखल!

ओहिआ लेहुआ हे एरवी मोठं होणारं झाड इथे खुरटंच राहतं, पण लाल झुपकेदार फुलं तशीच येतात. फांद्यांवर शेवाळाचे थर, बुंध्याशी नेचे. लापालापा या झाडाची पानं जराशा वाऱ्यानेही थरथरतात.

पण खरी दौलत म्हणजे झाडावरच्या गोगलगायी. अकाटिनेला मुस्टेलिना ही जात जगात फक्त वाईआनाए रांगेत सापडते. शंख जेमतेम दोन सेंटीमीटरचा, पानावरची बुरशी खरवडून खाते आणि पानाला मात्र काही होत नाही, अंडी न घालता थेट पिल्लू देते आणि तेही एका वेळी एकच, म्हणून एकदा संख्या घटली की भरून यायला फार वर्षं लागतात. उंदीर तिला खातातच, पण १९५५ मध्ये दुसऱ्या एका उपद्रवी गोगलगायीचा बंदोबस्त करायला म्हणून बाहेरून शिकारी गोगलगाय आणून सोडली आणि तिने इथल्या गरीब गोगलगायींचाच फडशा पाडला, हे फार वाईट झालं. १९८१ पासून अकाटिनेलाच्या सगळ्या जाती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत.

रानडुकरं माती उकरतात म्हणून कुंपणं घातलीत. माथ्यावर विमान वाहतुकीचं रडार आहे, त्याचा पांढरा घुमट लांबूनही दिसतो, पण तिथवर जाणारा डांबरी रस्ता लोकांसाठी बंद. चालत जायचं तर वाईआनाए खोऱ्यातून खडी चढण आहे, काही ठिकाणी दोर धरूनच चढावं लागतं. वर दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट केलीय, ती सोडून चालू नये, आणि निघण्याआधी बुटांचे तळ नीट घासून धुवावेत कारण बाहेरच्या तणाचं बी आणि ओहिआला मारणारी बुरशी चिखलाबरोबर वर जाऊ शकते.