गाठ तीच, पेशी वेगळ्या

तोंडाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की घरचे एका ओळीवर अडकतात : ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. मॉडरेट म्हणजे दुसरी स्टेज का हो, हा पुढचा प्रश्न ठरलेला. तर नाही. गाठ केवढी आहे आणि कुठवर पसरली, ते स्टेज सांगते. ही ओळ ग्रेडची आहे. गाठीतल्या पेशी आपलं मूळचं काम किती विसरल्यात, ते ती सांगते. उपचार मुख्यतः स्टेज पाहून ठरतात. पण कॅन्सर समजून घ्यायचा असेल तर मला ग्रेडच जास्त बोलका वाटतो.

कोल्हापुरात मावा आणि तंबाखू-चुना गालात धरून ठेवणारे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे उदाहरण गालाचंच घेऊ. गालाच्या आतल्या अस्तरात तळाच्या थरातल्या पेशी विभागतात. नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात, एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि शेवटी झडून जातात. कॅन्सर झाला तरी सुरुवातीला ही सवय पुरती सुटलेली नसते. गाठीचा तुकडा मेणात बसवून तीन-चार मायक्रॉनचा काप काढतात, तो निळ्या-गुलाबी रंगात रंगवून मायक्रोस्कोपखाली धरतात. पेशी थोड्याफार शिस्तीत असतील तर थरावर थर बसलेले केराटिनचे (नखा-केसांत असतं त्या प्रथिनाचे) गुलाबी गोळे दिसतात. पॅथॉलॉजिस्ट त्यांना ‘पर्ल’ म्हणतात. ग्रेड बिघडत जातो तसे पर्ल कमी होतात. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी होतात आणि विभागणाऱ्या पेशी जागोजागी दिसू लागतात. अगदी बिघडलेल्या गाठीत ही पेशी अस्तराची, स्नायूची की रक्तातली, हेही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. मग केराटिनसारखी प्रथिनं शोधणारे मार्कर लावावे लागतात. रिपोर्टला उशीर झाला म्हणून लॅबवाल्यावर चिडण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

ही मोजणी जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कॅन्सरचे ५३७ रुग्ण तपासून १९२० मध्ये चार ग्रेड मांडले. ओळख जितकी पुसलेली तितका आजार वाईट, हे त्यांना दिसलं होतं. ती का पुसते, हे कळायला पुढे बरीच दशकं गेली.

शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कुठली चालू आणि कुठली बंद, यावर पेशीची ओळख ठरते. एकदा ठरलेली ओळख मागे फिरत नाही, असं बराच काळ मानलं जायचं. गुऱ्हाळात उसाच्या रसाचा गूळ होतो, गुळाचा परत रस होत नाही, तसंच काहीसं. पण २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं चालू करून त्यांना जवळपास गर्भावस्थेत नेलं. म्हणजे मागचा रस्ता बंद नव्हताच. कॅन्सरच्या पेशी तो आपल्या परीने शोधतात.

गर्भात काही पेशींना जागा बदलावी लागते. त्या शेजारणींची पकड सोडतात, लांबट होतात आणि सरकत पुढे जातात. त्यासाठी लागणारी स्नेल, ट्विस्ट ही जनुकं मोठेपणी बहुतेक पेशींत शांत असतात. गाठीत ती पुन्हा जागी होतात. ई-कॅडहेरिन हे पेशींना चिकटवून ठेवणारं प्रथिन कमी होतं आणि पेशी आजूबाजूला घुसायला मोकळी होते. मात्र ती अस्तराची ओळख पूर्ण टाकून देते, असं सहसा होत नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांतल्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून तपासल्या. अर्धवट बदललेल्या पेशी त्यांना सापडल्या त्या गाठीच्या कडेला, जिथून ती शेजारच्या मांसात शिरत असते. मला हे अर्धवटपणच जास्त धोक्याचं वाटतं. अशी पेशी इकडेही वळते, तिकडेही.

बिघडलेल्या पेशीला पुन्हा प्रौढ करायचा, असा उलटा प्रवास घडवता येतो का? एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये येतो. शांघायच्या वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया झालेल्या पाच वर्षांच्या मुलीला अ जीवनसत्त्वापासून बनणारं औषध दिलं. अर्ध्यावर अडकलेल्या पेशी त्याने मारल्या जात नाहीत, त्या पुढे वाढून प्रौढ होतात. मुलगी बरी झाली. तोंडाच्या गाठीसाठी असं औषध अजून नाही. तिथे एकच बटण बिघडलेलं नसतं.

ओळख बदलणं ही औषधाला चुकवण्याचीही युक्ती असते. पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या ईजीएफआर जनुकात दोष असलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर त्या दोषावरच नेम धरणाऱ्या गोळ्या चांगल्या चालतात. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी त्या निकामी होऊ लागतात, आणि थोड्या रुग्णांत गाठ चक्क ‘स्मॉल सेल’ या वेगळ्याच जातीची झालेली दिसते. नवा कॅन्सर म्हणावा, तर ईजीएफआरचा जुना दोष तिच्यात तसाच असतो. गाठ तीच आहे, पेशींनी रूप बदललंय. बहुतेक वेळा आरबी१ आणि टीपी५३ ही आवर घालणारी जनुकं गेलेली असतात.

म्हणूनच गोळी चालेनाशी झाली की डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवतात. नेमकं तिथेच आपल्याकडे घरचे आडवे येतात : सुई लावली की गाठ पसरते म्हणे! सुईच्या वाटेने पेशी पसरणं फार विरळा. उलट ती बायोप्सी केली नाही, तर गाठ स्मॉल सेल झाल्याचा पत्ता लागत नाही. तसं निघालं तर नुसत्या गोळीवर भागत नाही. प्लॅटिनम आणि एटोपोसाइडची केमो सुरू करावी लागते, आणि बरेचदा जुनी गोळीही तिच्यासोबत चालू ठेवतात, कारण काही पेशी अजून जुन्याच रूपात असतात.