दगडातला गोळा: भरलेला की सोललेला?

नाशिककडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांचेच हे डोंगर. या दगडात दोन तऱ्हेचे गोल आकार दिसतात आणि दोन्हींना 'ज्वालामुखीतून उडालेले गोळे' म्हणून लोक मोकळे होतात. उडालेला त्यातला एकही नाही.

पहिला गोल म्हणजे भरलेली पोकळी. सिन्नरकडच्या खाणीत किंवा विहिरीच्या उपशात काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात, वाटाण्यापासून मुठीएवढे; क्वचित घमेलं मावेल एवढी पोकळी. लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे अडकले, थराच्या माथ्याकडे जास्त. मागाहून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं. भिंतीला बऱ्याचदा आधी हिरवट अस्तर, त्यावर स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी स्फटिकी खनिजं किंवा गार (क्वार्ट्झ). भरणी अर्धवट राहिली, तर स्फटिकांची टोकं मधल्या रिकाम्या जागेकडे रोखलेली दिसतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने जवळून बघता येतात. जरूर बघावेत.

दुसरा गोळा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात, मुरमात रुतलेला. हा मुळात चौकोनी ठोकळा. लाव्हा निवून आकसताना पडलेल्या भेगांतून पाणी शिरलं. कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी चढाई करतं, कडेवर दोन, सपाट अंगावर एकाच. म्हणून कोपरे आधी गेले. खनिजांची माती होताना ती फुगते, त्यात ऊन-थंडीचा ताण, आणि लासलगावच्या कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. शाळेत कायिक आणि रासायनिक विदारण (दगड फुटणं आणि कुजणं) वेगवेगळं शिकवतात. इथे दोन्ही एकाच ठोकळ्यावर चालतात.

ओळखायचं कसं? तपकिरी पापुद्रा बोटांनी निघाला आणि आत हातोडीला खणखणणारा काळा गाभा लागला, तर तो विदारणाचा गोळा. रंगाची सीमा एकदम ठळक आणि आत चकाकी असेल, तर भरलेली पोकळी.

घोळ होतो तो नाल्यात. तिथे भोवतालचा दगड कुजून जातो आणि पोकळीत भरलेली कठीण गार सुटी होऊन पडते. तिला बाहेरून पापुद्रे नसतात, चाकूने चरा पडत नाही. चरा पडला आणि लिंबाच्या रसाने बारीक फेस आला, तर ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज; तेही पोकळीतलंच.