सहायक प्रशिक्षक, महाविद्यालयीन हॉकी (अमेरिका)

अमेरिकी महाविद्यालयांच्या हॉकी संघात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालचे पद. तिथली महाविद्यालयीन मैदानी हॉकी मुख्यतः मुलींची. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना पुरुषांसाठी या खेळाची स्पर्धा भरवतच नाही. १९०१ साली कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेने हा खेळ तिथल्या मुलींच्या कॉलेजांत नेला. पुढे १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घातली, मुलींच्या खेळांवर पैसा खर्च होऊ लागला आणि १९८१ मध्ये एनसीएएची पहिली महिला हॉकी स्पर्धा झाली. प्रशिक्षण हा पोटापाण्याचा धंदा झाला तो यानंतर.

आपल्याकडे प्रशिक्षक म्हटले की पतियाळ्याच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) पदविका आधी विचारतात. तिथे अशी एकच ठरलेली पदविका नाही. कॉलेज संघाकडून खेळलेली मुलगी बहुधा एखाद्या लहान कॉलेजात ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ होते: पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ, वर थोडे विद्यावेतन, बदल्यात संघाची पडेल ती कामे. पूर्वी काही जणी बिनपगारी स्वयंसेवक म्हणूनही शिरत. पहिल्या श्रेणीत (डिव्हिजन वन) तो प्रकार १ जुलै २०२३ पासून बंद झाला.

हंगाम ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. सामन्याच्या आदल्या दिवशी सहायक प्रशिक्षक लॅपटॉपवर प्रतिस्पर्ध्यांचे पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू ढकलून मिळणारी गोलाची संधी) एकापाठोपाठ एक लावून बसते: चेंडू कोण ढकलते, डीच्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाशी कोण थांबवते, ड्रॅग फ्लिक (स्टिकने ओढत नेऊन भिरकावलेला फटका) येते की बाजूला पास. त्यावरून आपली पहिली रशर, म्हणजे फटका अडवायला गोलातून पुढे धावणारी खेळाडू, कुठल्या रेषेत धावणार हे ठरते. गोलरक्षकांचा सरावही बहुतेकदा तिच्याकडेच असतो.

तरी तिची खरी किंमत ठरते नव्या खेळाडू मिळवण्यावरून. शाळकरी मुलींशी थेट बोलणी सुरू करायला नियमाने मुभा मिळते ती दहावीनंतरच्या १५ जूनला. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या सुट्टीतल्या राष्ट्रीय हॉकी महोत्सवात कॉलेजांचे प्रशिक्षक मैदानाकडेला उभे राहून जर्सीचे क्रमांक टिपत असतात. घरच्यांबरोबर सण साजरा करायचा असेल, तर हे क्षेत्र गैरसोयीचे आहे.

पुढची पायरी सहयोगी मुख्य प्रशिक्षकाची, मग मुख्य. ट्रेसी फुक्स कनेक्टिकट विद्यापीठाकडून खेळल्या, मिशिगन विद्यापीठात दुय्यम पदावर राहिल्या, २००९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुख्य झाल्या आणि २०२१ व २०२४ मध्ये एनसीएएचे विजेतेपद मिळवले. मात्र ही शिडी अरुंद आहे, कारण वरची खुर्ची सहसा रिकामी होत नाही. मुख्य बदलला तर नवा माणूस आपले सहायक बरोबर आणतो, आणि जुन्यांना काही चूक नसताना बाडबिस्तारा गुंडाळावा लागतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कॅरन शेल्टन १९८१ ते २०२२ मुख्य होत्या; दहा विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. त्या निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये, पद गेले नुकताच कॉलेजचा शेवटचा हंगाम खेळलेल्या २२ वर्षांच्या एरिन मॅट्सनकडे. तिने त्याच वर्षी विजेतेपद जिंकून दाखवले. वर्षानुवर्षे रांगेत उभ्या असलेल्या सहायकांना ते कसे वाटले असेल, हे सांगायला नको.

कॉलेजबाहेरही सहायकपदातून बढती मिळते. यानेके स्कॉपमन आधी अमेरिकी महिला संघाच्या सहायक होत्या, मग मुख्य झाल्या. २०२० मध्ये भारतीय महिला संघात विश्लेषक प्रशिक्षक म्हणून आल्या आणि टोकियो ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिथेही मुख्यपद त्यांच्याकडे आले.