फॉर्म्युला-२ अजिंक्यपद, २०२०

फॉर्म्युला-वनच्या लगेच खालच्या पायरीवर असलेल्या, उघड्या चाकांच्या एकासनी मोटारींच्या शर्यतमालिकेचा २०२० चा हंगाम. जुलै ते डिसेंबर या काळात १२ फेऱ्यांत २४ शर्यती झाल्या. प्रेमा संघाचा जर्मन चालक मिक शूमाकर २१५ गुणांसह विजेता ठरला. कॅलम आयलॉट (२०१) दुसरा व युकी त्सुनोडा (२००) तिसरा आला. सांघिक विजेतेपदही प्रेमाकडेच गेले.

पूर्वपीठिका : या मालिकेची वंशावळ सरळ नाही. मूळ फॉर्म्युला-२ हा वर्ग १९४८ ते १९८४ पर्यंत चालला. त्याची जागा १९८५ मध्ये फॉर्म्युला-३००० ने आणि २००५ मध्ये जीपी-२ ने घेतली. २००९–१२ या काळात फॉर्म्युला-२ नावाची एक वेगळीच मालिका होऊन गेली. तिचा जीपी-२ शी संबंध नव्हता. २०१७ मध्ये जीपी-२ चेच नामांतर होऊन आजची मालिका आली. काही अभ्यासक २०१७ पासूनच गणना करतात, तर काही २००५ पासूनचा इतिहास अखंड मानतात. आयोजक, बहुतेक संघ आणि शर्यतींचा साचा तेच राहिले, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने हा वाद केवळ तांत्रिक नाही. मुंबईच्या जेहान दारूवाला याने कार्लिन संघाकडून ६ डिसेंबर रोजी साखीर (बहरीन) येथे हंगामाची अखेरची शर्यत जिंकली, तेव्हा ‘फॉर्म्युला-२ जिंकणारा पहिला भारतीय’ असा त्याचा गौरव झाला. आजच्या नावाखालील मालिकेपुरते ते खरे आहे. मात्र चेन्नईच्या करुण चंढोकने जीपी-२ मध्ये २००७ साली स्पा (बेल्जियम) येथे व २००८ साली हॉकेनहाइम येथे शर्यती जिंकल्या होत्या. अखंड परंपरा मानल्यास पहिलेपणाचा मान त्याच्याकडे जातो. दारूवालाच्या विजयाचे मोल त्यामुळे उणावत नाही. त्या दिवशी दुसरा आलेला त्सुनोडा पुढच्याच वर्षी फॉर्म्युला-वनमध्ये होता.

मोटार व टायर : सर्व संघांना डल्लारा कंपनीची एकसारखी मोटार आणि मेकाक्रोमचे ३.४ लिटर, टर्बो, व्ही-६ इंजिन (सुमारे ६२० अश्वशक्ती) वापरावे लागे. खरा बदल टायरांत झाला. १३ इंची चाकांऐवजी पिरेली कंपनीच्या टायरांची १८ इंची चाके आली. फॉर्म्युला-वनमध्ये ती २०२१ पासून वापरायची होती व त्याची पूर्वतयारी येथे करून घेण्यात आली. पुढे कोरोनामुळे तेथील बदल २०२२ वर गेला. मोठ्या चाकाच्या टायरची बाजूची भिंत बुटकी असते, ती कमी लवचते, आणि टायर तापण्याची व झिजण्याची तऱ्हा बदलते. जुने आडाखे चुकू लागले. मुख्य शर्यतीत टायर बदलण्यासाठी एकदा थांबणे सक्तीचे असल्याने, मऊ टायर सुरुवातीला लावावा की शेवटी, यावर अनेक निकाल फिरले.

हंगाम : मोनाको, झांडव्होर्ट आदी फेऱ्या कोरोनामुळे रद्द झाल्या. स्पीलबर्ग, सिल्व्हरस्टोन व साखीर येथे प्रत्येकी दोन फेऱ्या घेण्यात आल्या. शनिवारच्या मुख्य शर्यतीतील पहिल्या आठ जणांचा क्रम उलटा करून रविवारच्या लघुशर्यतीची सुरुवातीची रांग लावली जाई. स्पा येथील मुख्य शर्यतीत निकिता माझेपिन सर्वांत आधी रेषा ओलांडून गेला, पण पाच सेकंदांच्या दंडामुळे विजय त्सुनोडाला मिळाला. मोंझाची लघुशर्यत जिंकलेला डॅन टिकटम इंधनाचा पुरेसा नमुना देऊ न शकल्याने बाद झाला व ती आयलॉटच्या नावे लागली. सोची येथे जॅक एटकेन व लुका गिओट्टो यांची वेगात टक्कर होऊन गिओट्टोच्या मोटारीने पेट घेतला. दोघेही बचावले, ती शर्यत थांबवून अर्धेच गुण देण्यात आले.

शूमाकरने मोंझा व सोची येथील दोनच शर्यती जिंकल्या. याउलट चार शर्यती जिंकणारा त्याचा संघसहकारी रॉबर्ट श्वार्त्समन चौथा राहिला. या विजेतेपदाचे श्रेय वेगापेक्षा सातत्याला द्यावे लागते : शूमाकर दहा वेळा पहिल्या तिघांत होता. शेवटच्या शर्यतीपूर्वी त्याची आघाडी १४ गुणांची होती आणि आयलॉटला जास्तीत जास्त १७ मिळू शकत होते. शर्यत साखीरच्या ३.५४३ किमी लांबीच्या आखूड बाह्यमार्गावर झाली. सुरुवातीच्या चढाओढीत ब्रेक लावताना शूमाकरचे चाक जखडले, टायर एका बाजूने घासून चपटा झाला आणि नवे टायर घालण्यासाठी त्याला थांबावे लागले. तो अठरावा आला. आयलॉटचेही टायर टिकले नाहीत. दहावा आल्याने त्याला एकही गुण मिळाला नाही आणि अंतर १४ वरच राहिले.

शूमाकर व माझेपिन २०२१ मध्ये हास संघातून, तर त्सुनोडा अल्फाटौरीतून फॉर्म्युला-वनमध्ये गेले. २०२१ पासून एका फेरीत तीन शर्यती ठेवण्यात आल्या. वर्षभरात तो प्रयोग सोडून २०२२ मध्ये पुन्हा दोन शर्यतींची पद्धत स्वीकारली गेली, मात्र मुख्य शर्यत २०२१ प्रमाणेच रविवारी राहिली.