वाट्यातले चॅनेल : केबलच्या बिलापासून ॲपच्या वर्गणीपर्यंत

नाशिकच्या सिडको भागातील आमच्या इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत निम्म्याहून अधिक घरांनी केबलची जोडणी काढून टाकली. जे पाहायचे नाही त्याचे पैसे का भरायचे, हेच कारण बहुतेकांनी दिले आणि ते रास्तही होते. आज त्याच घरांत ब्रॉडबँडचे मासिक बिल आहे, क्रिकेटसाठी एक ॲप, चित्रपटांसाठी दुसरे, मुलांसाठी तिसरे, आणि मोबाईलच्या रिचार्जबरोबर आलेले, पण घरातल्या कुणीही न उघडलेले चौथे आहे. या सगळ्याची बेरीज जुन्या केबलच्या बिलापुढे गेली आहे आणि न पाहिलेल्या कार्यक्रमांचे पैसे भरणेही थांबलेले नाही. हे असे का झाले, याचे उत्तर चॅनेल विकण्याची पद्धत गेल्या पस्तीस वर्षांत कशी घडत गेली त्यात आहे.

दूरदर्शनच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, 1982 मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि 1987 च्या जानेवारीत रामायण मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. प्रेक्षकाचा खर्च म्हणजे संच, गच्चीवरचा अँटेना आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भरावे लागणारे वर्षाचे परवाना शुल्क, एवढाच होता. वाऱ्याने अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या येत आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन तो पुन्हा जागेवर आणी. दर महिन्याला पैसे मागायला कुणी दारात येत नसे.

ती सवय केबलने लावली. ऐंशीच्या दशकातच शहरांमध्ये काही तरुण एका व्हीसीआरवर चित्रपट लावून इमारतीतील पाच-पंचवीस घरांना वायरने दाखवत असत. 1991 मधील आखाती युद्धाची उपग्रहावरून येणारी दृश्ये, त्याच वर्षी आलेले स्टार टीव्ही आणि 2 ऑक्टोबर 1992 रोजी सुरू झालेले झी टीव्ही यांमुळे त्याच तरुणांनी गच्चीवर मोठ्या छत्र्या बसवल्या आणि एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, एका गॅलरीतून दुसरीत वायरी ओढल्या. कायदा मागाहून आला. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचे नियमन करणारा कायदा 1995 मध्ये झाला, तोवर गल्लीगल्लीत केबलवाला ही एक ओळखीची व्यक्ती झाली होती.

या पहिल्या टप्प्यात सर्व चॅनेल एकत्र विकणे ही तांत्रिक अपरिहार्यता होती. ॲनालॉग वायरीतून जे काही येई ते जोडलेल्या प्रत्येक घरात सारखेच पोहोचे, त्यामुळे एका घराला खेळाचे चॅनेल द्यायचे आणि शेजारच्या घराला द्यायचे नाही, हे व्यवहारात जमण्यासारखे नव्हते. किती घरे जोडली आहेत हे फक्त केबलवाल्याला ठाऊक असे. वाहिन्यांना, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपन्यांना, त्या आकड्यानुसार पैसे द्यायचे असल्याने तो आकडा कमी सांगितला जाई, आणि शासनाच्या करमणूक कराचीही तीच गत होती. वाहिन्यांनी त्यावर आपला उपाय शोधला. ज्या चॅनेलशिवाय केबलवाल्याचे ग्राहक टिकणार नाहीत ते हवे असेल तर आमची बाकीची चॅनेलही घ्या, अशी अट त्यांनी घातली. 1999 मध्ये अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आल्यावर ही अट आपल्याकडेही जाणवू लागली, कारण तोवर मराठीसाठी प्रामुख्याने दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर विसंबलेल्या घरांना आता संध्याकाळच्या मालिका हव्याच होत्या.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाली टोमॅटोचे वाटे लावते. वर चार लालबुंद, खाली थोडे बारीक, थोडे हिरवे. निवडून घ्यायचे म्हटले तर ती वेगळा भाव सांगते आणि तो बहुधा वाट्याच्या भावाहून जास्त असतो. चॅनेलच्या धंद्यात नेमके हेच सुरू झाले होते. सरकारने पुढे जे जे उपाय केले ते सगळे या वाट्यातून निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळवून देण्यासाठी होते.

पहिला प्रयत्न आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. सशुल्क चॅनेलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करणारी व्यवस्था 2003 मध्ये चेन्नईत आणि 2007 च्या आरंभी मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत लागू झाली आणि तिथेच थांबली. दरम्यान छोट्या छत्रीतून थेट घरात प्रक्षेपण देणाऱ्या सेवा आल्या. 2003 मध्ये डिश टीव्ही, 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची विनामूल्य सेवा आणि 2006 मध्ये टाटा स्काय. दूरदर्शनच्या या सेवेचे, म्हणजे आजच्या फ्री डिशचे, महत्त्व शहरी चर्चेत फार कमी लेखले जाते असे मला वाटते. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की दरमहा काहीही द्यावे लागत नाही, ही गोष्ट ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते त्या घरासाठी साधी नाही.

नाशिकमध्ये खरा बदल 2013 मध्ये झाला. केबल कायद्यातील 2011 च्या दुरुस्तीनुसार केबलचे संपूर्ण डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने करायचे ठरले. पहिल्या टप्प्यात महानगरे होती आणि दुसऱ्या टप्प्यातील 38 शहरांमध्ये नाशिक होते, ज्यांच्यासाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. घरोघरी बॉक्स आले, चित्र स्वच्छ झाले आणि प्रत्येक जोडणी मोजता येऊ लागली. एखादे चॅनेल एका घरात चालू आणि दुसऱ्यात बंद ठेवणे आता शक्य होते, म्हणजे वाटा लावण्याची तांत्रिक अपरिहार्यता संपली होती. तरीही वाटे लावणे चालूच राहिले आणि या इतिहासातला सर्वांत बोलका भाग तोच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2017 मध्ये नवी दररचना जाहीर केली. न्यायालयीन लढाईनंतर ती 1 फेब्रुवारी 2019 पासून अमलात आली. पहिल्या 100 चॅनेलच्या वहनासाठी, म्हणजे ती घरापर्यंत पोहोचवण्यासाठी, जास्तीत जास्त 130 रुपये, वस्तू व सेवा कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि त्यावर ग्राहक निवडेल त्या प्रत्येक सशुल्क चॅनेलची जाहीर किंमत, अशी ती रचना होती. 19 रुपयांहून महाग चॅनेल पॅकमध्ये घालता येणार नव्हते. त्या महिन्यात याद्या हातात घेऊन चॅनेलवर खुणा करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि शेवटी कंटाळून त्यांनी केबलवाल्यानेच सुचवलेला पॅक घेतला हेही पाहिले आहे. दोष त्यांचा नव्हता. पॅकवर 15 टक्क्यांहून जास्त सवलत देऊ नये, ही मूळ तरतूद मद्रास उच्च न्यायालयात टिकली नव्हती. त्यामुळे वाहिन्यांना लोकप्रिय चॅनेलची सुटी किंमत 19 रुपयांपर्यंत नेऊन तेच चॅनेल पॅकमध्ये स्वस्तात देता आले आणि सुटे घेणे तोट्याचे ठरले.

वाहिन्या पॅकवर एवढ्या का अडून बसतात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घरातील आजी मालिकांच्या चॅनेलसाठी 15 रुपये आनंदाने देईल, पण क्रिकेटसाठी पाचच. शेजारच्या घरातील नातू क्रिकेटसाठी 15 देईल आणि मालिकांसाठी पाच. दोन्ही चॅनेल 15 रुपयांनी सुटी विकली तर दोन घरांतून मिळून 30 रुपये मिळतात. दोघांची जोडी 20 रुपयांना विकली तर दोन्ही घरे ती घेतात आणि 40 रुपये येतात. जास्तीचे चॅनेल दाखवायला कंपनीला वेगळा खर्च जवळजवळ येतच नाही, कारण टोमॅटोप्रमाणे ते एकाला दिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. म्हणून वाटा लावण्याचा मोह भाजीवालीपेक्षा वाहिनीला कितीतरी अधिक असतो.

पॅकमध्ये घालता येणाऱ्या चॅनेलच्या किमतीवरील 19 रुपयांची मर्यादा ट्रायने 2020 मध्ये 12 रुपयांवर आणली, तिला आव्हान दिले गेले आणि अखेर 2022 च्या नोव्हेंबरात ती पुन्हा 19 रुपये झाली, पॅकवरील सवलतीला 45 टक्क्यांची मर्यादा घालून. नव्या दरांवरून 2023 च्या फेब्रुवारीत प्रमुख वाहिन्यांनी अनेक केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही दिवस बंद ठेवले. ग्राहकाने पैसे भरलेले असताना त्याचा पडदा काळा ठेवणे हे या सगळ्या वादातले सर्वांत अन्यायकारक कृत्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर प्रेक्षकाचे लक्ष मोबाईलकडे वळले होते. 2016 पर्यंत एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, त्यामुळे फोनवर अख्खा सामना पाहणे चैनीचे होते. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली, 2017 च्या मार्चअखेरपर्यंत ती जवळपास फुकट राहिली आणि बाकीच्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. हॉटस्टार 2015 मध्ये आणि नेटफ्लिक्स 2016 च्या जानेवारीत आलेले होतेच, डिसेंबरात प्राइम व्हिडिओही आले. ॲप म्हणजे केबलच्या वाट्यातून सुटका, हा समज या काळातला आहे आणि काही वर्षे तो खराही होता.

मात्र कार्यक्रमांचे हक्क महाग होत गेले. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम फक्त क्रिकेटप्रेमींकडून वसूल होत नाही. 2020 मध्ये हॉटस्टारवर आयपीएलसाठी 399 रुपयांची वार्षिक वर्गणी लागू लागली आणि लगेच ती वर्गणी मोबाईलच्या रिचार्जमध्ये बांधून विकली गेली. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवले, पण ते दिवस टिकले नाहीत. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण 14 नोव्हेंबर 2024 रोजी पूर्ण झाले, पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार आले आणि त्या हंगामात त्याचे 90 दिवस 299 रुपयांच्या रिचार्जसोबत देऊ करण्यात आले. तोच रिचार्ज 2024 च्या जुलैपूर्वी 239 रुपयांना मिळत होता. मालिका, चित्रपट, क्रिकेट आणि डेटा आता एकाच वाट्यात आले आहेत.

याच काळात सशुल्क छत्रीचे ग्राहक 2020 अखेरच्या सुमारे सात कोटींवरून 2025 पर्यंत सहा कोटींच्या खाली आले. 2024 च्या जुलैमध्ये ट्रायने वहनाच्या आकारावरील 130 रुपयांची मर्यादा काढून घेतली. आमच्या भागातील केबलवाला आता खांबांवरून फायबर ओढतो. त्याच्या पत्रकावर इंटरनेट, टीव्ही आणि बारा-पंधरा ॲप मिळून एकच मासिक रक्कम छापलेली असते, आणि ज्या घरांनी दोन वर्षांपूर्वी त्याची जोडणी काढली होती त्यांतील तिघांनी गेल्या महिन्यात ती पुन्हा घेतली.