आई न भेटलेल्या पिल्लाचं आतडं

खुडूक कोंबडीखाली उबलेलं पिल्लू अंडं फोडून थेट आईच्या पिसांत येतं. तिच्यामागे उकिरडा उकरत, ती टोचेल तिथे टोचत फिरताना तिच्या विष्ठेतले जिवाणू त्याच्या पोटात जातात. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीचं, पिल्लू जन्मतं उबवणी यंत्रात. अंड्यांना धुरी दिलेली, ट्रे औषधाने धुतलेले आणि आई दुसऱ्याच कुठल्या फार्मवर. चाळीसेक ग्रॅमचं हे पिल्लू ३५ ते ४० दिवसांत दोन किलोंच्या वर जातं. ते सगळं वजन आतड्याच्या भिंतीतून आत यायचं असतं आणि ते आतडं पहिल्या दिवशी जवळजवळ रिकामं असतं. जो जंतू आधी येईल तो जागा धरतो.

१९७१ मध्ये फिनलंडमधल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला या रोगजंतूची मोठी साथ आली. तिथल्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. मग साल्मोनेला दिला, तरी बहुतेक पिल्लांत तो रुजला नाही. जागा आधीच भरलेली होती. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं. कुक्कुटशास्त्रात याहून साधा आणि याहून खोल प्रयोग मला माहीत नाही.

तोवर जग मात्र उलट्या वाटेने बरंच पुढे गेलं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड पिल्लांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचे स्रोत तपासत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरलेला चोथा त्यांनी खाऊ घातला, तर पिल्लं बी-१२ मुळे वाढावीत त्याहून जास्त वाढली. चोथ्यात प्रतिजैविकाचा अंश राहिला होता. तेव्हापासून आजारी नसलेल्या कोंबडीलाही रोज चिमूटभर औषध मिळू लागलं. थोड्या मात्रेत रोज मिळणारं औषध जंतूंना मारत कमी आणि औषधापुढे तग धरायला शिकवत जास्त. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविकं १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारतात जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी आली. अतिदक्षता विभागात इतर औषधं हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध आपण कोंबड्यांचं वजन वाढवायला वापरत होतो, याची मला अजूनही चीड येते.

आता प्रतिजैविकांऐवजी खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या पुड्यांकडे या नजरेने पाहिलं, तर त्यांचं काम उलगडतं. यीस्टच्या पेशींच्या कवचातून काढलेली मॅनन शर्करा, म्हणजे मॅनोज साखरेची साखळी, घ्या. साल्मोनेला आणि ई. कोलायचे अनेक प्रकार बारीक तंतूंनी आतड्याच्या भिंतीवरची मॅनोज साखर पकडतात. तीच साखर खाद्यातून आली, की जंतू तिला चिकटतो आणि विष्ठेबरोबर बाहेर जातो. बॅसिलस जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या झोपलेल्या, रूपात मिसळतात, कारण गोळी खाद्य बनवताना लागणारी वाफ त्यांना मारत नाही. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचा तिथे सहसा निभाव लागत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते ब्युटिरिक आम्ल. लोणी खवट झाल्यावर येणारा वास याचाच. कोंबडीच्या लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर बंद टोकाच्या दोन पिशव्या असतात. तिथले चांगले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून हे आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. भाडेकरूने भाड्यात घरमालकाला जेवू घालावं तसं. खाद्यातून देताना त्याला चरबीचं वेष्टण लावतात, नाहीतर ते वरच्या वरच शोषलं जातं.

पण शेडमधलं तूस ओलं असेल, तर यातली कुठलीच पुडी पुरी पडत नाही. रक्ती हगवणीचे परजीवी ओलाव्यात आणि उबेत पक्व होतात, पोटात गेल्यावर अस्तराच्या पेशी फोडतात. त्या जखमांतून प्रथिनं पाझरतात आणि एरवी गप्प असलेल्या क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूला मेजवानी मिळते. त्याच्या विषाने अस्तर मरतं. मेलेली कोंबडी उघडली तर आतडं आतून खरखरीत टॉवेलसारखं दिसतं. म्हणून कोंबड्या ज्यातून पाणी पितात त्या निपलमधून ठिबकणारं पाणी आधी थांबवावं, पुडी मग घ्यावी. आणि जिवाणूंची पुडी पाण्यातून देणार असाल, तर त्या पाण्यात क्लोरीन नको, सोबत प्रतिजैविकही नको. दोन्ही त्या जिवाणूंनाच मारतात.

काही हॅचरींत आता पिल्लं खोक्यात भरल्यावर त्यांच्यावर चांगल्या जिवाणूंचा फवारा मारतात. पिल्लं आपली आणि शेजारच्याची ओली लव टोचत राहतात, आणि आईच्या मागे फिरताना जे मिळालं असतं त्यातलं थोडं असं एकमेकांच्या अंगावरून पोटात जातं.